बूट नेमका कुठे चावतोय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लग्नसराई तोंडावर आली की पत्रांचा सूर बदलतो. यावेळी मेलबॉक्स उघडला तर निम्मे प्रश्न बुटांचे, म्हणून हे अख्खं सदर पुरुषांच्या पायांना देऊन टाकतोय. बायकांनी रागावू नये, तसंही यातले बरेच प्रश्न बायकोने नाहीतर आईनेच पाठवलेत.

दादा, मी नुकताच पिंपरीला नोकरीला लागलोय. सोमवार ते गुरुवार फॉर्मल, शुक्रवारी काहीही चालतं. बजेट ३ हजार, अगदीच ताणलं तर ३५००. मित्र म्हणतो दीड-दीड हजाराचे दोन जोड घे, काळा ऑक्सफर्ड आणि एक स्नीकर. बाबा म्हणतात एकच घे पण चांगला घे. कोणाचं ऐकू?
– नवा नोकरदार, पिंपरी

बाबांचं ऐक, पण अर्धंच.

आधी रंग. काळा बूट मुलाखतीला आणि लग्नाला झकास दिसतो, पण जीन्सवर तो बिचारा एकटा पडतो. गडद ब्राऊन घेतलास तर नेव्ही, ग्रे, खाकी सगळ्या पँटवर चालेल आणि शुक्रवारी जीन्सवर पण, म्हणजे एका जोडात दोन कामं. फक्त काळ्या पँटवर नको घालू आणि बेल्ट त्याच रंगाचा घे, एवढं पाळलंस तरी ऑफिसातल्या निम्म्या लोकांपेक्षा नीटनेटका दिसशील.

आता ऑक्सफर्ड की डर्बी, म्हणजे लेसच्या फॉर्मल बुटांचे दोन प्रकार. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असतात, त्यामुळे तो वर फारसा उघडत नाही, डर्बीत त्या वरून शिवलेल्या आणि मोकळ्या असतात. आपल्याकडे बऱ्याच जणांचा पाय पंजात रुंद आणि वरून उंच असतो, असा पाय ऑक्सफर्डमध्ये घातला की लेस बांधल्यावर मध्ये मोठा व्ही उघडा राहतो आणि संध्याकाळी पायावर वळ. डर्बी घे. दुकानदार म्हणेल ऑक्सफर्ड जास्त फॉर्मल, बरोबरच आहे त्याचं, पण तुला काही रोज राष्ट्रपती भवनात जायचं नाहीये.

चामडं कसं ओळखायचं? "जेन्युइन लेदर" एवढ्या शिक्क्यावर भाळू नकोस, त्याने फक्त चामडं आहे एवढंच कळतं, कुठल्या दर्जाचं ते नाही. बुटाच्या आत किंवा सोलवर छोटी चित्रं छापलेली असतात का बघ. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे लेदर, त्याच आकाराच्या आत पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरका चौकोन असेल तर वरून कोटिंग मारलेलं लेदर, नुसता तो चौकोन म्हणजे रेक्झिन वगैरे इतर काहीतरी, आणि जाळी म्हणजे कापड. युरोपात ही माहिती चित्रांनी किंवा शब्दांत देणं सक्तीचं आहे, आग्रा-कानपूर-अंबूरकडून माल तिकडे जातो त्यामुळे आपल्याकडच्याही बऱ्याच जोडांवर ती सापडतात. चित्रं नसतील तर चवड्याजवळ बूट थोडा वाकव, खऱ्या चामड्यावर बारीक वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात आणि बऱ्याचशा जातात, कोटिंगवाल्यावर एकच जाड घडी पडते आणि सहा महिन्यांनी तिथूनच फोलपटं निघायला लागतात.

सोलच्या कडेने शिलाई दिसली की लोक खूश होतात. तुझ्या बजेटमध्ये सोल चिकटवलेलाच असणार, ती शिलाई बहुतेकदा रबरात छापलेली नक्षी असते. त्यात वाईट काही नाही, फक्त तिच्यासाठी पाचशे जास्त मोजू नकोस.

आणि एक हिशोब. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडाची किंमत २५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेली की १८. म्हणजे २५०० चा बूट टॅक्स धरून २६२५ ला पडतो आणि २६०० चा थेट ३०६८ ला! शंभर रुपयांच्या मालाला जवळपास साडेचारशे जास्त. तेव्हा टॅक्स धरून २६२५ च्या आत एकच बरा जोड घे, उरलेल्यातून चार जोड सुती मोजे, एक ब्रश आणि पॉलिशची डबी.

बाबांचं अर्धंच का म्हटलं, तर एकच बूट रोज घातला की आतला घाम वाळायला वेळच मिळत नाही, चामडं आतून कुजतं. दोन-तीन पगार झाले की दुसरा जोड घे, मग तो तुझा स्नीकर असला तरी हरकत नाही, पण दिवसाआड बदलून घाल. आलटून पालटून घातलेले दोन जोड हे एकामागोमाग एक झिजवलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त टिकतात.

यांना एका कंपनीचा ८ नंबर होतो, दुसऱ्याचा ९ पण लागतो. ऑनलाइन मागवलं की परत पाठवणं ठरलेलं. पाय बदलतो का रोज?
– एक वैतागलेली बायको, नाशिक

पाय थोडा बदलतो, पण इथे गुन्हेगार नंबर आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यूके नंबर चालतो, पण साइटवर कधी यूएस लिहिलेला असतो आणि तो साधारण एकने मोठा, म्हणजे यूके ८ म्हणजे यूएस ९ आणि युरोपचा ४२ च्या आसपास. वाचताना "यूके" की "यूएस" एवढं आधी बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

उरलेली निम्मी रुंदीची. नंबर लांबी सांगतो, पंजा किती पसरट आहे ते सांगत नाही. मग लोक काय करतात, पंजा आवळला की एक नंबर वरचा घेतात, एका यूके नंबरने बूट साधारण साडेआठ मिलिमीटर लांब होतो आणि टाच मागून निसटायला लागते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखाच्या वर लोकांचे पाय मोजले, त्यातही हेच निघालं की आपले पाय परदेशी साच्यांपेक्षा रुंद आहेत, आणि त्यावरून "भा" नावाची भारतीय मापं सुचवली गेलीत. ती सगळ्या दुकानांत येतील तेव्हा येतील, तोवर नंबर न वाढवता "वाइड" लिहिलेला जोड शोधा.

घरी एक करा. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना, यांना कागदावर उभं करा, बसवून नाही, आणि दोन्ही पायांची रेघ मारा. मोठा पाय धरायचा, जवळपास सगळ्यांचा एक पाय किंचित मोठा असतो. लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून कंपनीच्या चार्टशी ताडा. बूट आल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, आणि "घालून घालून सैल होईल" हे चामड्याच्या बाबतीत रुंदीला थोडंफार खरं आहे, लांबीला कधीच नाही.

लग्नातले बूट, चार वर्षांपूर्वी साडेचार हजारांना घेतले, पाच-सहा वेळा घातले असतील. डब्यात जपून ठेवले होते. परवा मेव्हण्याच्या साखरपुड्याला घातले आणि हॉलमध्ये चालता चालता सोलचा भुगा पडायला लागला, दोन्ही पायांचा. दुकानदार हात वर करतो. ही फसवणूकच ना?
– रत्नागिरीकर

साखरपुड्याचं वाचून हसू आवरलं नाही, माफ करा. पण फसवणूक म्हणता येणार नाही, तो सोल पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. हलका, मऊ, दुकानात चालून बघितलं की लगेच आवडतो, म्हणून आरामदायी बुटांत तोच जास्त असतो. त्याचा स्वभाव असा की हवेतला दमटपणा हळूहळू आत शिरून त्याचे धागे तोडत राहतो, बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस वजन पडलं की भुगा. गंमत म्हणजे तुम्ही जपून ठेवलेत हेच त्याला बाधलं. अधूनमधून घातलेल्या बुटाचा सोल दाबला जातो, वारा लागतो, तो जास्त टिकतो, बंद डब्यात आणि तेही कोकणातल्या हवेत चार वर्षं म्हणजे त्याने बरीच कळ काढली म्हणायची.

वरचं चामडं चांगलं असेल तर टाकू नका. जुन्या बाजारातल्या चांगल्या कारागिराकडे न्या, तो भुगा खरवडून नवीन रबरी सोल चिकटवून कडेने शिवून देईल, नव्या बुटाच्या मानाने खर्च बराच कमी. पुढच्या वेळी वर्षातून दोनदाच घालायचा बूट असेल तर दुकानात सरळ विचारा, सोल टीपीआरचा (थर्मोप्लास्टिक रबराचा) की साध्या रबराचा? हे दोन्ही असे विरघळत नाहीत. थोडे जड लागतील, पण मांडवात कोणी मॅरेथॉन पळत नाही. आणि पीव्हीसी नको, ओल्या फरशीवर पार घसरगुंडी.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे, वरून सुती कापड, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली. उन्हात नाही! ओला बूट उन्हात किंवा गॅसजवळ वाळवला की चामडं कडक होऊन तडकतं.

रिसेप्शनला कुर्त्यावर कोल्हापुरी घालायची आहे. पुण्यात ४०० पासून ३५०० पर्यंत सांगतात. खरी कुठली आणि ती चावते म्हणतात ते खरं का?
– होणारा नवरदेव, पुणे

चावते, पण तुमचं लग्न कधी आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. महिनाभर हातात असेल तर चिंता नाही.

खऱ्या कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वास घेऊन बघा, केमिकलचा उग्र वास येणार नाही. तळ चामड्याचे थर एकावर एक ठेवून चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो, खिळा नाही. वजनाला जड, आणि दोन पायांत किंचित फरक दिसेल कारण हाताने केलेली आहे. चारशेची आहे ती रेक्झिनची, फोटोपुरती छान. अस्सल जोड साधारण हजाराच्या पुढेच, वेणी आणि गोंडा जितका बारीक कामाचा तितका भाव चढणार. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला तशीच चप्पल रॅम्पवर आणली, आधी नावही घेतलं नाही, इकडून बोंब झाल्यावर मान्य केलं. तेव्हापासून काही दुकानदारांनी भाव जरा जास्तच चढवलेत असं माझं मत. कोल्हापूरला कोणी जाणार असेल तर तिथल्या चप्पल लाईनमधून आणायला सांगा, फक्त पायाची रेघ मारलेला कागद सोबत द्या.

घेतल्यावर अंगठा आणि पट्टा जिथे घासतो तिथे आतून थोडं एरंडेल किंवा खोबरेल चोळून रात्रभर ठेवा, मग रोज घरात अर्धा तास घाला. थेट रिसेप्शनला काढलीत तर स्टेजवर उभं राहून चारशे लोकांशी हसताना पायाचा फोड लपवावा लागेल. पावसात मात्र अजिबात नाही, भिजली की थर सुटतात.

वडील ६१ वर्षांचे, शुगर आहे, गेल्या वर्षी पहिल्यांदा वारीला गेले आणि तळपायाला फोड घेऊन आले जे त्यांना कळलेच नाहीत. यंदा पण जाणारच म्हणतात. पायात नेहमी रबरी स्लीपर. काय घेऊन देऊ?
– मुलगा, बार्शी

फोड आला आणि कळलंच नाही, हे बुटाच्या दुकानाआधी डॉक्टरांना सांगायचं वाक्य आहे. शुगरमुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर बारीक जखमही महिनोन्‌महिने भरत नाही. आधी पाय तपासून घ्या, वारी करायची की नाही आणि किती, हे तेच ठरवतील.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर स्लीपर बंद. अंगठ्यात अडकणारा पट्टा नको, कारण चप्पल धरून ठेवायला बोटं सतत आवळली जातात आणि मधली कातडी घासते. पुढून रुंद आणि खोल, मागे टाच धरणारा, वरून वेल्क्रोने सैल-घट्ट करता येईल असा हलका वॉकिंग शू घ्या. आतली शिवण बोटाने चाचपून बघा, टोचणारी गाठ नको. वडिलांना "कसं वाटतंय" विचारून उपयोग नाही, ते "झकास" म्हणतील. कागदावर पायाची रेघ मारा, कापा, तो कागद बुटात सपाट बसतो का ते बघा, दुमडला तर बूट लहान. घरात घालायला एमसीआर (मायक्रोसेल्युलर) या मऊ रबराची चप्पल आणा, सरकारी दवाखान्यांत किंवा ऑर्थो सामानाच्या दुकानात मिळते, तिला पण मागे पट्टा हवा.

बूट वारीच्या दीड-दोन महिने आधी घ्या. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल आहे, वर दिवे घाट, नवा कोरा बूट घालून निघणं म्हणजे फोडाला आमंत्रण. पाय चालून सुजतात म्हणून अर्धा नंबर सैल चालेल. पाऊस असणारच, म्हणून मोज्यांचे पाच-सहा जोड आणि बूट भिजला तर घालायला मागे पट्टा असलेला फ्लोटर. मोजे पांढरे घ्या, रक्ताचा डाग पटकन दिसतो. रोज रात्री मुक्कामाला दिंडीतल्या कोणाला तरी तळपाय टॉर्चने बघायला सांगा, आणि सकाळी बूट उलटा आपटूनच घालायचा, खडा असो की विंचू. देवळात अनवाणी जाताना दुपारची तापलेली फरशी टाळा, भाजलेलं पण त्यांना कळणार नाही.

लोफर (बिनलेसचे बूट) मोजे न घालता घालतो, पणजीच्या हवेत वास येतो. पावडर मारून थकलो.
– नाव नको, पणजी

नाव खरंच नको. मोजे न घातल्यासारखं दिसणं वेगळं आणि न घालणं वेगळं, लोफरमध्ये लपणारे छोटे मोजे मिळतात, टाचेला आतून सिलिकॉनची पट्टी असलेले घ्या म्हणजे घसरत नाहीत. आतला सोल निघत असेल तर रात्री काढून वेगळा वाळवा. एकच लोफर सलग दोन दिवस घालू नका, आणि पावडर बुटात नाही, पायाला, तीही पाय पूर्ण कोरडे पुसल्यावर, नाहीतर आत तिचं पीठ मळलं जातं. बोटांच्या मध्ये खाज किंवा कातडी सोललेली असेल तर तो बुटाचा प्रश्न नाही, बुरशीचा आहे, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि बरं होईपर्यंत ते लोफर भावाला देऊ नका.