वाचकांचे प्रश्न: वेबसाइटचा मजकूर आधी की बांधणी आधी?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरी गावात आमचे कुळागर (सुपारी-मिरवेलींची बाग) आहे. पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्या आहेत, शिवाय आगळ (कोकमाचा दाट रस), सोलां (वाळवलेली कोकमे) आणि काजूगर विकतो. वेबसाइट करणारा म्हणतो, आधी मजकूर द्या, मग कामाला हात लावतो. मजकूर मागाहून भरला तर बिघडते कुठे? आणि तो द्यायचा कसा?
— एक वाचक, केरी-सत्तरी

उत्तर : तो योग्य तेच सांगतोय. मजकूर नसला की डिझायनर जागा भरायला कसलाही नमुना मजकूर टाकतो. त्यात शीर्षके दोन शब्दांची, परिच्छेद तीन ओळींचे, सगळे एकसारखे. खरा मजकूर तसा नसतो. 'कुळागर दर्शन आणि दुपारचे जेवण' हे बटणावर मावत नाही, मोबाइलवर त्याच्या तीन ओळी होतात आणि रचना मोडते.

विक्रीचे दुखणे त्याहून मोठे. पॅकबंद वस्तू ऑनलाइन विकताना निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचे नाव-पत्ता ही माहिती दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्येकासाठी वेगळा रकाना लागतो. तो पान बांधून झाल्यावर आठवला तर काम पुन्हा उसवावे लागते, आणि तो खर्च मूळ कोटेशनमध्ये धरलेला नसतो.

सुरुवात फोनपासून करा. आठवडाभर लोक फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा : गाडी दारापर्यंत येते का, पावसात चालू असता का, नेटवर्क कुठले मिळते, शाकाहारी जेवण होईल का. या प्रश्नांचे गट पाडले की पानांची यादी आपोआप हाती येते. तुम्हाला सात मुख्य पाने पुरतील : मुख्यपान, खोल्या व दर, जेवण आणि कुळागर, आमची उत्पादने, कसे पोहोचाल, संपर्क, आणि अटी (त्यांच्या जोडीला गोपनीयता व परताव्याची छोटी पाने). 'आमच्याविषयी' हे पान बहुतेकांना सर्वात आधी लिहावेसे वाटते. ते खुशाल मुख्यपानावरच्या चार ओळींत उरका.

प्रत्येक पानाची स्वतंत्र फाइल करा. वर पानाचे शीर्षक, त्याखाली हे पान वाचून पाहुण्याने काय करायचे ते एका वाक्यात (फोन करायचा, खोली राखून ठेवायची, आगळ मागवायचे), मग मजकूर, बटणावरचे शब्द आणि शेवटी कोणता फोटो कुठे. गूगलच्या यादीत दिसणारे शीर्षक आणि वर्णनही तुम्हीच लिहा. शीर्षक साधारण 60 अक्षरांत आणि वर्णन 150 च्या आसपास ठेवा, पुढचे बहुधा कापले जाते. मुख्यपानाला अडीचशे-तीनशे शब्द भरपूर झाले.

लिहिताना 'निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय मुक्काम' असली वाक्ये काढून टाका. ती गोव्यातल्या कुठल्याही घराला लागू पडतात. त्याऐवजी असे लिहा : 'सुपारी आणि मिरवेलींच्या कुळागरात तीन खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर. गाडी रस्त्यावर लावून पाच मिनिटे पायवाटेने यावे लागते. पावसात वाट निसरडी असते.' दुसरे वाक्य लपवावेसे वाटेल, पण लपवू नका. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन आलेला पाहुणा ती वाट पाहून परत फिरला तर नुकसान दोघांचेही.

'कसे पोहोचाल' या पानावर सर्वाधिक वेळ घालवा. गोव्यात केरी एक नाही : पेडण्यात समुद्रकिनाऱ्याची, फोंड्यातली आणि तुमची. नुसते 'केरी, गोवा' लिहिले तर पाहुणा थेट तेरेखोल नदीच्या मुखाशी जाऊन उभा राहील. प्रत्येक ठिकाणी 'केरी-सत्तरी' लिहा, आणि साखळीहून चोर्ला घाटाच्या रस्त्याने यायचे हेही. विमानतळही दोन, म्हणून मोपा आणि दाबोळी दोन्हींपासूनची अंतरे वेगवेगळी द्या. थिवी आणि करमळी स्थानकांचेही तसेच.

अटींचे पान शेवटावर ढकलू नका. ऑनलाइन पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे (ग्राहकाचे पैसे तुमच्यापर्यंत पोहोचवणारी सेवा) चालवणारे खाते सुरू करण्याआधी अटी, गोपनीयता, परतावा आणि संपर्क ही पाने वेबसाइटवर आहेत का ते पाहतात. ती नसली की बाकी सगळे तयार असूनही पैसे घेता येत नाहीत. दुसऱ्याची पाने उचलाल तर खोलीच्या बुकिंगला 'माल सात दिवसांत परत करा' असले कलम चिकटते. किती दिवस आधी रद्द केले तर किती रक्कम परत, एवढे स्वतः ठरवून लिहा. पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक आणि खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक हाताशी ठेवा.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की आकसतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. घरातल्या सगळ्यांची मते मसुद्यावरच घ्या, पण अंतिम होकार एकाच माणसाचा असू द्या.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेतला मराठी मजकूर वेबसाइटवर घ्यायचा आहे. छापखान्याने फाइल दिली, पण कॉपी केल्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ती फाइल जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना आणि फोनना समजणारी अक्षरांची समान संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. पडद्यावर 'क' दिसत असला तरी आत रोमन अक्षरांचे किंवा चिन्हांचे संकेत साठवलेले असतात. तोच फॉन्ट वेबसाइटला जोडून वेळ मारून नेऊ नका. दिसायला ठीक दिसेल, पण गूगलवर कुणी मराठीत शोधले तर एक ओळही सापडणार नाही. छापखान्याकडून फॉन्टचे नेमके नाव घ्या आणि त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर (मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन) वापरा. पीडीएफऐवजी मूळ फाइल मागा.

रूपांतरानंतर पूर्ण मुद्रितशोधन हवेच. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात. 'ऱ्या', 'ज्ञ', 'श्र', 'ऑ' आणि अवतरणचिन्हे हमखास बिघडतात. आधी एक परिच्छेद व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवून पाहा. त्याच्या फोनवर नीट वाचता आला तर मजकूर युनिकोड झाला. डिझायनरला ओळींमधले अंतर थोडे वाढवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात.

प्रश्न : पानांचे वेब-पत्ते देवनागरीत ठेवावेत का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ठेवता येतात, पण असा पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा एकेका देवनागरी चिन्हाच्या जागी टक्केचिन्हांसह नऊ अक्षरे उमटतात. काना, वेलांटीही त्यात वेगळी मोजली जाते. पत्ता छोटा आणि रोमन लिपीत ठेवा, शब्दांमध्ये आडवी रेघ (-) द्या. ही नावेही मजकुराच्या फाइलीतच लिहून द्या. वेबसाइट सुरू झाल्यावर बदलली तर लोकांनी आधी पाठवलेले दुवे तुटतात.