वाचक विचारतात: ग्रामोफोनच्या पिनने माणूस मरतो का?

प्रश्न: नमस्कार ताई, बाबांना दूरदर्शनची जुनी गुप्तहेर मालिका 'ब्योमकेश बक्शी' फार आवडते म्हणून सध्या रात्री जेवताना आम्ही तिचा एकेक भाग लावतो. परवा 'रास्ते का काँटा' बघितला, तो पिनवाला. बाबा म्हणाले काय डोकं लावलंय, आणि धाकटा भाऊ म्हणाला काहीही दाखवतात, एवढीशी पिन लागून माणूस जागेवर कोसळतो होय! यावरून घरात जाम वाद झालाय, तुम्हीच काय ते सांगा. (एक वाचक, सातारा)

उत्तर: ज्यांनी हा भाग बघायचा ठेवलाय त्यांनी सरळ पुढच्या प्रश्नावर जा, कारण इथे सगळं फोडावं लागणार आहे. गोष्ट जुन्या कलकत्त्यातली. पैसेवाले, वयस्क लोक रस्ता ओलांडता ओलांडता अचानक मरून पडतायत, गोळीचा आवाज नाही, हत्यार नाही, आणि पोस्टमॉर्टेममध्ये हृदयात सापडते ग्रामोफोनची पिन. ती पिन उडते सायकलच्या घंटीतून. आत स्प्रिंग बसवलेली, खुनी घंटी वाजवत येतो, पिन सुटते आणि हा आपला पॅडल मारत पुढे निघून जातो.

आता भावाचा मुद्दा, तर तो बरोबरच आहे. ग्रामोफोनची स्टीलची पिन दोन सेंटिमीटरसुद्धा लांब नसते आणि वजन पाव ग्रॅमच्या आत. एअरगनचा छर्रा साधारण अर्धा ग्रॅमचा असतो आणि त्याला ढकलायला केवढी मोठी स्प्रिंग किंवा हवेचा दाब लागतो बघा, घंटीच्या वाटीत मावेल एवढ्या स्प्रिंगने पिनेला तेवढा जोर मिळणं अवघड आहे. त्यात पिनेला मागे पिसं नाहीत काही नाहीत, हवेत सरळ न जाता ती गटांगळ्या खाणार. समजा नेमकी लागलीच, तरी कोट, सदरा, कातडी, चरबी, स्नायू, बरगड्यांमधली फट एवढं सगळं पार करून हृदयापर्यंत जायचंय. आणि हृदयाला बारीक भोक पडलं तरी माणूस असा त्या क्षणी कोसळत नाही, भोवतीच्या पिशवीत रक्त साठत जातं, त्याचा दाब येतो, मग हृदय बंद पडतं, आणि याला वेळ लागतो. म्हणजे विज्ञानाच्या पेपरात भावाला पूर्ण मार्क.

पण मी बाबांच्या बाजूने आहे आणि अगदी मनापासून आहे, कारण लेखकाने हत्यार निवडताना जो विचार केलाय तो आजच्या कितीतरी सिरीजमध्ये दिसत नाही. त्या काळात रेकॉर्डची एक बाजू वाजली, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं, की स्टीलची पिन बदलायची असायची नाहीतर रेकॉर्ड खराब व्हायची, म्हणून पिना दोनदोनशेच्या डबीत मिळायच्या आणि ग्रामोफोन असलेल्या प्रत्येक घरात पडलेल्या असायच्या. रेकॉर्डचा कारखानाच मुळी कलकत्त्यात दमदमला होता. अशा शहरात प्रेतात पिन सापडली तर पोलीस कुणाकुणाच्या दारात जाणार? बंदुकीच्या गोळीवरून बंदुकीपर्यंत जाता येतं, पिनेवरून कुठेच जाता येत नाही.

आणि घंटी! आवाज लपवायला घंटी हे तर सगळ्यांच्या लक्षात येतं. पण मला वाटतं खरी गंमत वेगळीच आहे, रस्त्याच्या मधोमध घंटी ऐकल्यावर आपण काय करतो? थबकतो आणि आवाजाकडे वळून बघतो. म्हणजे तो माणूस आपणहून छाती समोर करतोय. एक जण वाचतो तो केवळ खिशातल्या घड्याळावर पिन आदळल्यामुळे, आणि त्याला आठवत असते ती घंटीच. पुढे ब्योमकेश छातीवर चिनीमातीची प्लेट बांधून खुन्याला सामोरा जातो ते याच माहितीवर.

तिसरी गोष्ट पेपरातली जाहिरात. खऱ्या बातम्या जाहिरातींच्या पानावर असतात असं ब्योमकेशचं म्हणणं, आणि तिथेच त्याला सापडतं की कुणाला वाटेतला काटा काढायचा असेल तर त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाचला व्हाइटअवे लेडलॉच्या दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं. (हे कलकत्त्याच्या चौरंगी रस्त्यावरचं मोठं दुकान, त्यांचं एक दुकान आपल्या मुंबईत फोर्टातही होतं.) गर्दीत त्या माणसाच्या खिशात चिठ्ठी सरकवली जाते, बस, इथून खुनाची सुपारी ठरते. मारणाऱ्याचं मेलेल्याशी काही वैर नाही, त्यामुळे पोलीस वैरी शोधत बसले तर हाताला काही लागत नाही. ब्योमकेश वेगळं बघतो, मेलेल्यांपैकी कुणालाच मुलगा नव्हता आणि इस्टेट मात्र होती, मग ती आता कुणाकडे जाणार? इथे कथा एकदम घट्ट होते, पिन कितीही कच्ची असली तरी.

दिग्दर्शक बासू चटर्जींनी हे सगळं शांतपणे दाखवलंय, पाठलाग नाही, धडामधूम नाही, ब्योमकेश झालेला रजित कपूर धोतर नेसून पेपर वाचतोय आणि त्याचा मित्र अजित, म्हणजे के. के. रैना, शंका काढतोय. भावाला सांगा, स्प्रिंगचा हिशोब बाजूला ठेवून एकदा नुसती घंटी कुठे कुठे वाजते तेवढं ऐकत बघ.

प्रश्न: ब्योमकेशचे लेखक पुण्यात राहायचे असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं. खरंय का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: शंभर टक्के खरं. शरदिंदू बंद्योपाध्याय 1938 साली बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले आणि 1952 मध्ये पुण्यात स्थायिक झाले. सिनेमाच्या त्या वर्षांत ब्योमकेश जवळजवळ पंधरा वर्षं बंदच होता, पुन्हा सुरू झाल्यावरच्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिल्यात. 'शैलरहस्य' तर महाबळेश्वरात घडते, तिथल्या हॉटेलातून ब्योमकेश अजितला पत्र लिहितो. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. 1970 मध्ये ते गेले तेव्हा एक ब्योमकेश कथा अर्धीच राहिली होती. एवढा मोठा लेखक इतकी वर्षं आपल्यात राहिला आणि आपल्याकडे त्याची चर्चाच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: मालिकेतली ब्योमकेशची बायको सत्यवती म्हणजे आपल्या सुकन्या कुलकर्णीच ना? आणि नव्याने बघायचं तर कुठून सुरू करू? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: हो, त्याच. मालिका 1993 साली दूरदर्शनवर आली. सुरुवात 'सत्यान्वेषी'नेच करा, त्यात ब्योमकेश खोटं नाव सांगून मेसमध्ये (तिकडे मेस म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय असलेली जागा) अजितच्या खोलीत राहायला येतो आणि दोघांची दोस्ती तिथून सुरू होते. मग पिनवाला भाग. सत्यवती पहिल्यांदा येते 'अर्थमनर्थम'च्या कथेत, मृत्युपत्राच्या भानगडीत अडकलेल्या भावाला सोडवायला, तेव्हा तो भाग चुकवून पुढचे बघू नका.