पिल्लाची भूक मंदावली, तर काळजी कधी करावी?

प्रश्न : आमचे लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू साडेचार महिन्यांचे आहे. आठवडाभरापासून ते तयार कोरडे खाद्य नुसते हुंगून बाजूला होते, दूध-भाकरी मात्र खाते. खेळणे नेहमीसारखेच आहे. रविवारी मटण असले की सासूबाई त्याला पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून घालतात. हे आजारपण समजावे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पिल्लू पूर्वीसारखेच खेळते, ही आपल्या पत्रातील सर्वांत दिलासा देणारी बाब आहे. या वयात दुधाचे २८ दात पडून त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येऊ लागतात; हिरड्या ठणकत असताना कडक खाद्य चावणे नकोसे होते आणि मऊ भाकरी चालते, त्यामुळे हे लक्षण आजारापेक्षा दातांचे असण्याचा संभव अधिक आहे. त्याचा ओठ हलकेच वर करून पाहा : हिरडी लालसर, किंचित सुजलेली दिसेल, कदाचित फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढा एखादा दातही सापडेल. शिवाय वाढीचा सुरुवातीचा वेग या सुमारास हळूहळू ओसरू लागतो, तशी भूकही थोडी बेताची होते.

तेच खाद्य कोमट पाण्यात भिजवून दिवसातून तीनदा द्यावे आणि वीसेक मिनिटांनी भांडे उचलावे. दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात, म्हणून ते कमी करावे. रस्सा मात्र आजपासूनच बंद करावा, हे मी आग्रहाने सांगतो. सासूबाई मायेनेच घालतात, यात शंका नाही. पण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात आणि त्याचा परिणाम कधीकधी काही दिवसांनी दिसतो. शिजवलेली हाडेही देऊ नयेत. त्यांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतड्याला इजा करतात. बिनमसाल्याचे, बिनहाडाचे उकडलेले मटण थोडेसे चालेल.

लस टोचल्यावर एखादा दिवस खाणे कमी होणे स्वाभाविक आहे. परंतु पिल्लाने दिवसभर अन्नाला तोंडच लावले नाही, किंवा सुस्ती, वारंवार उलटी, दुर्गंधीयुक्त रक्ताचे जुलाब, फिकट हिरड्या यांपैकी काहीही दिसले, तर पार्व्हो या कुत्र्यांच्या गंभीर विषाणूजन्य आजाराची शंका धरून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. लसीकरण अपुरे असल्यास तर काही तासांचा विलंबही महागात पडतो. जाताना लसीचे कार्ड आणि विष्ठेचा ताजा नमुना न्यावा, म्हणजे जंतांचीही तपासणी होईल. घरातली माणसांची औषधे, विशेषतः पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन, त्याला स्वतःहून देऊ नयेत.