चौथीच्या वर्गाला वर्षाखेर बक्षिसं द्यायची आहेत, पण पहिला-दुसरा-तिसरा नंबर नको. काय द्यावं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बरीचशी वर्षं मराठवाड्यात, तांड्यावरच्या मुलांना. तुमचा प्रश्न असा की इंटरनेटवर ‘गोड हसू’, ‘वर्गाचा हिरो’ अशी तयार प्रमाणपत्रं मिळतात, ती छापून पस्तीस जणांना एकेक वाटलं तर चालेल का. छापू नका. मी छापली होती.

नोकरीचं दुसरं की तिसरं वर्ष. १ मेला झेंडावंदन झालं, निकाल वाचले आणि मी हौसेनं प्रमाणपत्रं वाटली. एका मुलीसाठी काहीच सुचत नव्हतं, म्हणून तिला ‘सर्वात शांत विद्यार्थिनी’ दिलं. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, शेजारच्या पोराकडून ते वाचून घेतलं आणि फिस्सकन हसली. “बाई, ही शांत? घरी हिच्या तोंडाला कुलूप लावावं लागतं.” घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, वर्गात पुस्तकातली मराठी. वर्षभर तिला माझं निम्मं कळत नव्हतं म्हणून ती गप्प होती, आणि त्याचंच मी तिला बक्षीस दिलं होतं. तेही सोनेरी कडेच्या कागदावर.

तेव्हापासून बिरुदं बंद. प्रत्येकाला एकच वाक्य लिहून देते, आणि त्यात मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असलंच पाहिजे. तुम्ही म्हणाल, वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दलचे शब्दांतले शेरे, तर आपण २०१० पासून लिहितोच आहोत. लिहितो, पण कशा लिहितो हे तुम्हालाही ठाऊक आहे. ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’ हे एकच वाक्य खाली अठरा जणांना. बक्षिसाचं वाक्य दुसऱ्या मुलाला चिकटवता येता कामा नये. नाव झाकून वर्गात वाचलं तरी पोरं ओरडली पाहिजेत, कोण ते.

यासाठी दोनशे पानी वही करते. प्रत्येक मुलाला दोन पानं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दहा मिनिटं बसून आठवड्यात जे दिसलं ते तारखेसह टिपायचं. रोज लिहायचा संकल्प केलात तर आठ दिवसांत बारगळेल.

एक उदाहरण देते. आमच्याकडची निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची थेट फडावर, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. असाच एक मुलगा आला तेव्हा वर्गात क्विंटल आणि टन चाललं होतं. पोरं ‘दहा क्विंटल म्हणजे एक टन’ पाठ म्हणत होती, पण टन म्हणजे केवढा हे कुणाला सांगता येईना. मलाही धड नाही. हा उठला आणि बापाच्या गाडीत मोळ्या कशा रचतात, काट्यावर वजन कसं होतं, टन भरायला किती वेळ वाकावं लागतं, सगळं हातवारे करून सांगितलं. त्याच्या कागदावर मी लिहिलं, ‘यानं आम्हाला टन दाखवला.’ एवढंच.

हाच मुलगा ‘शंभर टक्के उपस्थिती’च्या बक्षिसात कुठं बसला असता? ते बक्षीस तर मी कधीच देत नाही. पोर आजारी पडलं, स्थलांतर झालं, धाकट्याला सांभाळायला घरी राहावं लागलं, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. शिवाय त्याचा उपयोगही होत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पंधरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर हा प्रयोग झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण हजेरीसाठी आधीच बक्षीस जाहीर केलं तर सरासरी फरक पडला नाही, आणि न सांगता नंतर दिलं तर पुढची हजेरी उलट किंचित घसरली. इतरांपेक्षा आपण जास्तच शाळेत येतोय, असा अर्थ मुलांनी काढला असावा.

म्हणून जूनमध्ये काही जाहीरही करू नका. १९७३ चा एक जुना प्रयोग आहे, बालवाडीतल्या मुलांचा. चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती पुढे आपणहून चित्रं कमी काढू लागली. ज्यांना अवचित मिळालं त्यांचं तसं झालं नाही.

मुलांकडून मतं घेऊ नका, आवडत्यांनाच पडतात. त्यापेक्षा प्रत्येकाला चिठ्ठीनं एक नाव द्या आणि ‘यानं केलेली एक गोष्ट’ लिहायला सांगा. अर्ध्या चिठ्ठ्या ‘तो चांगला आहे’ अशा येतील, त्या परत करायच्या. बाकीच्यांत आपल्याला कधी न दिसलेलं सापडतं. खिचडीच्या रांगेत रोज स्वतःचा नंबर मागे सोडून पहिलीतल्या पोराचं ताट धरणारी मुलगी मला अशाच एका चिठ्ठीतून कळली.

खर्च म्हणाल तर कार्डशीट आणि स्केचपेन. अक्षर तुमचंच असू द्या, वाचून दाखवताना घरचं माणूस समोर असू द्या.

आता मार्च उजाडला असेल आणि वही केली नसेल, तर आज हजेरीपट समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे एकेक प्रसंग आठवून लिहा. चार-पाच नावं कोरी राहतील. माझी दरवर्षी राहतात, बहुतेक मधल्या ओळीतली, ना हुशार ना वांड. पुढचे पंधरा दिवस मधल्या सुट्टीत ऑफिसात चहाला जाऊ नका, त्यांच्या आसपास बसा.