मुलीचा नवोदयला सहावीत नंबर लागलाय, हॉस्टेलवर तिच्याकडे लक्ष कोण देतं?

मुख्य जबाबदारी हाऊस मिस्ट्रेसची, म्हणजे तिथल्याच शिक्षिकेची, तिचं क्वार्टर कॅम्पसमध्येच असतं आणि दिवसा वर्गात शिकवणारी तीच बाई रात्री डॉर्मिटरीत हजेरी घेते. मी स्वतः सहावी ते बारावी नवोदयला होतो म्हणून सांगतोय. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी हाऊसेस, म्हणजे मुलांचे गट असतात, मुलीला त्यातलं एक मिळेल. शिवाय मुलींसाठी मेट्रन आणि आजारपणाला स्टाफ नर्स, ताप आला तर एमआय रूममध्ये, म्हणजे शाळेतल्याच दवाखान्याच्या खोलीत नेतात. पण खरं सांगू का, पहिले दोन महिने पोरांना सांभाळतात ती हाऊसमधली मोठी पोरंच, बादली कुठे ठेवायची, मेसला ताट घेऊन कधी पळायचं, रात्री रडू आलं तर कोणाच्या बेडवर जाऊन बसायचं हे सगळं ताईच शिकवतात.

एवढंच की सगळं त्या एका बाईवर अवलंबून असतं, काही अगदी आईसारख्या तर काही फक्त हजेरीपुरत्या, आणि एकेका हाऊसला इतक्या मुली की गप्प बसणारी नजरेतून सुटू शकते. म्हणून सोडायला जाल तेव्हा:
- हाऊस मिस्ट्रेसला भेटून नंबर घ्या, मुलांना मोबाईल चालत नाही
- औषध, ॲलर्जी काही असेल तर नर्सकडे लिहून द्या
- भेटीच्या दिवशी नक्की जा, पण "घरी न्या" म्हणाली तर लगेच उचलून आणू नका, आधी बाईंशी बोला