तुर्की मालिकेतलं ‘युरेक मी येदिन?’ म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय, की मालिकेत एक मुलगी वडिलांना तोंडावर ‘नाही’ म्हणते, मागून भाऊ तिला ‘युरेक मी येदिन?’ असं विचारतो आणि खाली भाषांतर येतं ‘तुझी हिंमत कशी झाली?’ तुम्हाला शंका आली ते बरोबरच आहे. ‘हिंमत कशी झाली’ ही दटावणी झाली, आणि तिच्यासाठी तुर्कीत ‘ने ज्युरेतले’ असं वेगळं आहे. हिंदीतून आपल्या कानावर येणारी ‘जुर्रत’ ती हीच. भाऊ विचारतोय, ‘काळीज खाल्लंस की काय?’ त्यात काळजी आहे, थोडा धाक आहे, पण कौतुकच जास्त आहे.

मी हा वाक्प्रचार इस्तंबूलला नोकरीत असताना शिकले. बैठकीत साहेबांनी सलग तिसऱ्या शनिवारी सगळ्यांना कामावर बोलावलं होतं. मी जेवढी येत होती तेवढ्या तुर्कीत म्हटलं, ‘जुमार्तेसी गेलेमेम’, शनिवारी मला यायला जमणार नाही. खोलीत कुणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी एमिन्योन्यूहून कादीकॉयच्या बोटीत शेजारी आमच्या हिशेबखात्यातली अब्ला बसली होती. (अब्ला म्हणजे ताई. वयाने मोठ्या बाईला तिकडे नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही.) कमरेत बारीक अशा त्या चहाच्या काचेच्या पेल्यात तिने साखरेचे दोन खडे टाकले, ढवळता ढवळता चमचा थांबवला आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, ‘युरेक मी येदिन सेन?’

दोन्ही शब्द मला येत होते. ‘युरेक’ हे मटणाच्या दुकानातल्या पाटीवर कलेजीच्या खालीच लिहिलेलं असायचं, आणि ‘येमेक’ म्हणजे खाणं, हा तर पहिल्या आठवड्यातला शब्द. मी तिला सांगितलं की मी मांस खात नाही. ती हसली नाही. तिने तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला, दोनदा थोपटला आणि म्हणाली, ‘इथलं गं. इथलं काळीज म्हणतेय मी.’

आता वाक्य उलगडून बघा, कारण मराठी माणसाला ते जितकं सोपं जातं तितकं इंग्रजीतून शिकणाऱ्याला जात नाही. ‘येदिन’मध्ये ‘ये’ हा धातू, ‘दि’ हा भूतकाळ आणि शेवटचा ‘न’ म्हणजे ‘तू’. आपल्या ‘खाल्लंस’मध्येही ‘खा’, मग भूतकाळाचा ‘ल’, आणि शेवटचा ‘स’ म्हणजे ‘तू’. ‘तू’ (अब्लाच्या वाक्यातलं ‘सेन’) वेगळा उच्चारायची गरज दोन्हीकडे नाही, आणि क्रियापद दोन्हीकडे शेवटी. मधला ‘मी’ म्हणजे आपला ‘का’. तो ज्या शब्दामागे बसतो त्या शब्दावर प्रश्न येतो, म्हणून ‘युरेक मी’ म्हटलं की ‘काळीजच खाल्लंस की काय’ असा रोख होतो. बोलताना जोर ‘रेक’वर द्या, ‘मी’ हलका सोडा. आणि ‘यु’साठी ओठ ‘ऊ’सारखे गोल करून आतून ‘ई’ म्हणा. आठवडाभर आरशासमोर केलंत की जमतं.

पण खरी गंमत ‘युरेक’ या शब्दात आहे. तुर्कीत काळजासाठी तीन शब्द आहेत. डॉक्टर ‘कल्प’ म्हणतात, मूळ अरबी. हृदयविकाराचा झटका म्हणजे ‘कल्प क्रिझी’. इच्छा, ओढ, प्रेम जिथे राहतं ते ‘ग्योन्युल’. आणि धैर्य राहतं ते ‘युरेक’. आपलंही असंच आहे ना? झटका हृदयाला येतो, ओढ मनाला असते आणि वाघाचं असतं ते काळीज. या तिन्ही शब्दांना ‘विना’ अर्थाचा प्रत्यय लावला की फरक लख्ख दिसतो. ‘कल्पसिझ’ म्हणजे निर्दय. ‘ग्योन्युलस्युझ’ म्हणजे मनात नसताना, नाखुशीने. ‘युरेकसिझ’ म्हणजे मात्र भित्रा. हे तीन शब्द वहीत एकाखाली एक लिहून ठेवा. मला तुर्की माणसांचं बोलणं आतून कळायला लागलं ते यांच्यामुळे.

याच घरातला आणखी एक वाक्प्रचार मला फार आवडतो: ‘मांगाल गिबी युरेक’, शेगडीसारखं काळीज. मांगाल म्हणजे कोळशाची शेगडी. निखाऱ्यांनी भरलेली छाती डोळ्यांसमोर आणा. ‘ग्योझ्यु कारा’, शब्दशः ‘डोळा काळा’, हेही ऐकाल. तो मागचापुढचा विचार न करता उडी घेणाऱ्यासाठी आहे. शांत डोक्याने ठाम राहणाऱ्याला तो लावू नये असं मला वाटतं.

एक सावधगिरी. आपली ‘हिंमत’ तिकडे ‘हिम्मेत’ म्हणून भेटते, पण तिचा अर्थ मेहनत किंवा थोरामोठ्यांचं साहाय्य असा होतो, धाडस नव्हे. उलट आपला ‘बहाद्दर’ तिकडे ‘बहादर’ म्हणून अर्थासकट सापडतो. हा मुळात मध्य आशियातल्या तुर्की-मंगोल भाषांमधला शब्द, फारसीमार्गे आपल्याकडे आला.

आणि ‘युरेक मी येदिन’ बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसालाच म्हणा. वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना म्हटलंत तर उद्धटपणा होईल. माणूस समोर नसेल तर क्रियापद बदलतं. स्वतः पाहिलेलं नाही, खुणांवरून ताडलंय, असं सांगताना तुर्कीत ‘मिश’ लागतो. ‘युरेक येमिश’ म्हणजे ‘काळीज खाल्लेलं दिसतंय’.

हा ‘मिश’ मला त्याच आठवड्यात पक्का झाला. त्या शनिवारी मी गेले नाही. सोमवारी चहाच्या वेळी हिशेबखात्यातली दोघं कुजबुजत होती, की परवा अब्लासुद्धा आली नव्हती, साहेबांना तसं फोन करून सांगितलं म्हणे. एकाने तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान डोलावली आणि म्हणाला, ‘युरेक येमिश.’