राफ्टिंगची तारीख ठरवायच्या आधी

लेका,

तुझा मेसेज वाचला. चौघं मित्र, पहिलंच राफ्टिंग, कोलाड, आणि विचारलंयस फक्त दोनच गोष्टी, शनिवार-रविवारमध्ये बसेल का आणि खर्च किती. खर्च काय, एक फोन केला की कोणीही सांगेल, मला जे सांगायचंय ते वेगळं आहे आणि फोनवर नीट जमणार नाही म्हणून लिहायला बसलो.

आधी पाणी समजून घे. कोलाडची कुंडलिका नदी पावसावर नाही, धरणाच्या वेळेवर चालते. वर मुळशी धरण आहे, तिथलं पाणी सह्याद्रीवरून पाइपातून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, 1927 पासूनचं टाटांचं केंद्र आहे ते, आणि वीज करून झाली की तेच पाणी पुढं नदीत सुटतं, त्याच्यावर आपली राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी. आणि ऐक, मुळशी आहे मुळा नदीवर, म्हणजे अडवलं नसतं तर हे पाणी मुळा-मुठा, भीमा करत उजनीत, आपल्याकडं सोलापूरला आलं असतं. चार-चार दिवसांनी नळाला पाणी बघितलेला माणूस मी, तिथं ते पांढरं फेसाळ पाणी समुद्राकडं पळताना बघितलं तेव्हा पोटात कालवलं होतं. असो. मुद्दा असा की पाणी सकाळी सुटतं, म्हणून राफ्टिंगही सकाळीच, आणि उशिरा पोचलास तर नदी तुझ्यासाठी थांबत नाही.

म्हणून शुक्रवारी रात्री काम संपवून निघायचं आणि पहाटे थेट पाण्यात उतरायचं हा प्लॅन डोक्यातून काढ. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, पुढं ताम्हिणी घाटातून अजून सव्वाशेच्या आसपास, न झोपलेला माणूस तिथं गाइडचा आवाजच धड ऐकत नाही. शुक्रवारची सुट्टी टाका, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडा, पुण्यातून गाडी करा आणि उजेड आहे तोवर कोलाड गाठा. पावसाळ्यात पहिल्यांदा नको, घाटात दरडी येतात आणि पाण्याचाही अंदाज राहत नाही. दिवाळीनंतर जा. विजयपूर-हुबळीवरून दांडेलीही आपल्याला साधारण तेवढंच पडतं, पण तिथं काळी नदीचं पाणी सुपा धरणातून सुटण्यावर आहे, आधी विचारल्याशिवाय निघू नका. ऋषिकेश नंतर कधीतरी, गंगा मोठी आहे, घाई नको.

नदीला ग्रेड असते, 1 सोपी ते 6 सगळ्यात अवघड. कुंडलिका साधारण 2-3 मधली, बाराएक किलोमीटरचा पट्टा, पहिल्यांदा जाणाऱ्याला एकदम योग्य. पण सोपी आहे म्हणून निष्काळजी राहू नकोस, कारण माझं जे झालं ते सोप्याच पाण्यात झालं.

बुकिंगला फोन करशील तेव्हा विचार, गाइड याच नदीवर किती वर्षं आहे, सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्याला उचलायला छोटी होडी, असते का, एका राफ्टमध्ये किती जण बसवता, जॅकेट सगळ्या साइजची आहेत का, पाणी सुटलंच नाही तर पैशांचं काय. समोरचा वैतागला तर फोन ठेव आणि दुसरीकडं लाव.

जॅकेटचं का म्हणतो ते सांगतो. माझ्या पहिल्या वेळी मला मोठ्या मापाचं जॅकेट मिळालं, बकल एक तुटलेलं, मी भिडेपोटी काही बोललो नाही. दुसऱ्याच रॅपिडला, म्हणजे खळाळत्या उताराला, पडलो आणि जॅकेट वर सरकून तोंडावर आलं, दिसेना, श्वास घेता येईना, आणि मी काय केलं तर उभं राहायला गेलो. गाइडनं ओरडून ओरडून पाय वर घ्यायला लावले म्हणून आज लिहितोय. तेव्हा किनाऱ्यावर जॅकेट घातलं की मित्राला सांग, दोन्ही खांद्यांना धरून वर ओढ, हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुझं जॅकेट नाही, बदलून माग. लाजू नको बे, अजिबात.

आणि पडलास तर उभं राहायचं नाही. उताणा हो, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर. तळाच्या दगडात पाय अडकला की मागून पाणी माणसाला पुढं वाकवतं आणि मग कमरेएवढ्या पाण्यातही तोंड वर येत नाही. तू विहिरीत मुटके मारत पोहायला शिकलास हे मला माहितीय, पण विहिरीचं पाणी उभं असतं, हे पळतं असतं, दोन्हींचा काही संबंध नाही. दोरी फेकली तर छातीशी दोन्ही हातांनी धर, मनगटाला गुंडाळू नको.

पॅडलच्या वरच्या टोकाला टीच्या आकाराची मूठ असते, तिच्यावरचा तळवा कधीच सोडू नको. सुटली की शेजारच्याचे दात जातात, मी बघितलंय, चांगल्या हसऱ्या पोराचे दोन दात गेले होते. आणि लाट दिसली की सगळे पॅडल आत घेऊन बसतात, नेमकं तेव्हाच मारायचं असतं. तुम्ही थांबलात की गाइडच्या हातात काही उरत नाही, राफ्ट नुसती पाणी नेईल तिकडं जाते.

कपड्यांचं फार नाही. जीन्स नको, स्लिपर नको, मागं पट्टा असलेली सँडल घे, चष्म्याला दोरी बांध, आपला सोलापुरी टॉवेल आणि कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी घ्याच, बाहेर आल्यावर जी भूक लागते ना. आदल्या रात्री दारू नाही, यात कोणाचंही ऐकू नको.

एक राहिलं, आणि खरं तर यासाठीच एवढं लिहिलं. चौघांपैकी एकाला लहानपणी फिट्स यायच्या असं तूच मागं बोलला होतास. त्यानं डॉक्टरला विचारलंय का? तिथं फॉर्मवर सही करताना तो ते लपवेल, कारण तुम्ही तिघं समोर उभे असाल. त्याच्याशी एकट्यानं बोल, बुकिंगच्या आधी. डॉक्टर नाही म्हणाले तर त्याला घरी ठेवून जाऊ नका, किनाऱ्यावरचा कॅम्प चौघांचाच करा. जड जात असेल तर त्याला घेऊन माझ्याकडं ये, रविवारी मी घरीच आहे.

तुझा,
काका